आतोबांच्या निधनवार्ता

मेलेल्या माणसांवर माझ्या आतोबांइतकं प्रेम करणारा जिवंत माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडायचा नाही. नारायणगुड्याला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, परगावाहून पोट भरायला आलेल्यांसाठी चालणारं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. ओडिया, बंगाली, नेपाळी, भोजपुरी, प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास. गुरुवारी संध्याकाळी पाचचा मराठीचा, म्हणजे आतोबांचा. बाकीचे गाणी लावत, आतोबा निधनवार्ता वाचत. एखाद्या आठवड्यात कोणीच गेलं नाही तर त्यांचा चेहरा भवानी न झालेल्या दुकानदारासारखा पडे. आत्या म्हणे, "थांबा, यांच्या कार्यक्रमासाठी मीच जाते एकदाची."

फोनवर कळलेलं मरण ते मानतच नसत. बसने स्वतः त्या घरी जाणार, चपला बाहेर काढणार, वही उघडून वय आणि मूळ गाव विचारणार आणि मग तो प्रश्न, ज्याच्या धास्तीने निम्मे नातेवाईक त्यांना टाळत: "शेवटचं काय खाल्लं?" उत्तर मिळेपर्यंत ते उठत नसत. "माणूस काय काम करत होता ते कोणी पण सांगतं," ते म्हणत, "काय खाऊन गेला ते जवळच्यालाच माहीत." अफझलगंजच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या सुनेने गडबडून "शिरा" असं सांगितलं. आतोबांनी शेजारणीकडून खरं काढून घेतलं आणि गुरुवारी साऱ्या शहराला ऐकवलं, की उदगीरहून आलेले हे गृहस्थ गार खिचडी खाऊन गेले. तूप मागितलं होतं, मिळालं नाही. सुनेने वर्षभर आत्याशी अबोला धरला. ऐकणारे मात्र वाढले. देगलूर-नांदेडकडचे बांधकाम मजूर पाच वाजता मोबाइलवर रेडिओ लावू लागले. आपल्यातलं कोणी गेलं तर काका सांगतील, एवढी तरी खात्री त्यांना या शहरात होती.

गेल्या वर्षी मारोती नावाचा सव्वीस वर्षांचा गवंडी परांचीवरून पडून गेला. आतोबांना गाडीवर मागे बसवून मीच तिथे घेऊन गेलो. पिऊन चढला होता, असं ठेकेदाराने सांगितलं. आतोबांनी मान डोलावली आणि त्याच्या सोबत्याला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सोबती म्हणाला, "काहीच नाही, काका. रात्रपाळी करून उतरला, तसाच पुन्हा चढवला त्याला. पिणार कधी आन् खाणार कधी? भाकर बांधलेलीच हाय." त्याने फडकं सोडून दाखवलं. आतोबांनी ते लिहून घेतलं.

ती इमारत बांधणाऱ्या बिल्डरच्या जाहिराती याच केंद्रावर लागत. तिथले व्यवस्थापक हात जोडून म्हणाले, "काका, नाम पढो, गाँव पढो, वो आख़री बात नक्को. प्रोग्राम बंद हो जाता." मीही तेच सांगितलं. अर्धा तास टिकला पाहिजे, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. त्याची आज लाज वाटते. आतोबा म्हणाले, "बाकी सगळ्यांचं वाचलं, मंग याचंच कायकू नाही?" आणि त्यांनी वाचलं: रात्रपाळीनंतर उपाशी चढवलं, भाकर बांधलेली राहिली. सोबत्याने ते मोबाइलवर रेकॉर्ड करून मारोतीच्या गावी पाठवलं. आपलं पोरगं पिऊन पडलं नव्हतं, हे त्याच्या आईला असं कळलं. पुढच्या गुरुवारी पाच वाजता मराठीच्या जागी सिनेमाची गाणी लागली.

आतोबा आता थकलेत. गुरुवारी दोन-चार मजूर कामावरून थेट अंबरपेठेला आतोबांच्या घरी येतात आणि कोण गेलं ते फाटकापाशी उभे राहून सांगतात. आतोबा खुर्चीत बसून ते सगळं त्यांनाच वाचून दाखवतात, रेडिओवरच्याच आवाजात. परवा दोन नावं होती. ऐकायला आम्ही पाच जण. एवढ्या मोठ्या शहरात पाचच, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. आतोबांनी वही मिटली, चष्मा काढला आणि फाटकाकडे बघत विचारलं, "मागच्यांपर्यंत आवाज पोचला ना?"

मागे कोणीच नव्हतं. "हौ काका," एक गवंडी म्हणाला, "सगळ्यांला पोचला."