चाकातली डबी

साकोलीच्या हायवेवर चाळीस वर्षं टायर खोलणाऱ्या चिंधूभाऊ मेश्रामांनी चाकातून काय काय काढलं नव्हतं! खिळे, बाभळीचे काटे, एकदा तर विळ्याचं अख्खं पातं. पण डबी कधी निघाली नव्हती. दोन वर्षांपूर्वी रीता मॅडमच्या नव्याकोऱ्या गाडीचं पंक्चर चाक त्यांनी खोललं, तर हवा भरायच्या नोझलच्या आतल्या टोकाला एक काळी डबी. भाऊंनी आजूबाजूला पाहिलं, मॅडमना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमच्या चाकात कोणंतरी डबी लपवून ठेवली. घरी कोणासंगं भांडण-वांडण तर नाही ना?"

रीता मॅडम आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवतात. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी समजावलं, की हा सेन्सर, कंपनीच बसवते. चाकातली हवा मोजून तो ड्रायव्हरसमोरच्या स्क्रीनवर दाखवतो. टायर काढताना त्याला तडा गेला होता. भाऊ नुकसान भरून द्यायला तयार होते. मॅडम साधेपणानेच म्हणाल्या, राहू द्या, हे तुमचं काम नाही, मी नागपूरला करून घेते.

हसण्याचं भाऊंना काही वाटलं नाही. 'तुमचं काम नाही' हे मात्र जिव्हारी लागलं. साकोलीत टायरचं काम, आणि ते चिंधूचं नाही? उद्या सगळ्याच गाड्यांत या डब्या आल्या, तर गाड्या दुकानावरून सुसाट नागपूरला जातील आणि आपल्या वाट्याला सायकली उरतील, ही भीती त्यांच्या मनात बसली ती बसलीच.

मग माणसाने हट्टच धरला. सेन्सर प्रोग्राम करायचं, हातात मावणारं यंत्र आणलं. या वयात हे कायले, असं बायकोने, सुमनबाईंनी विचारलं, तरी ते यंत्राची बटणं दाबून पाहतच राहिले. यंत्रावर सगळं इंग्रजी. भाऊंनी कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ येते तेच पाठ केलं. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो आणि गाडीशी त्याची ओळख करून द्यावी लागते, हे दोन गाड्या चुकवल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलं. तिसऱ्या गाडीचा, हवेचा इशारा देणारा पिवळा दिवा विझला, त्या दिवशी त्यांनी शेजारच्या सगळ्या दुकानदारांना चहा पाजला. पुढे सानगडी-दिघोरीचे टॅक्सीवालेही त्यांच्याकडे यायला लागले.

गेल्या महिन्यात रीता मॅडम थांबल्या, तेही फक्त हवा भरायला. रायपूरला निघाल्या होत्या. समोरच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, असं स्क्रीन सांगत होती. भाऊंनी त्या चाकावर हातोडी मारली. आवाज टणक आला. मग ते चारही चाकांना ठोकत गेले. मागच्या उजव्याचा आवाज बसका निघाला. मीटर लावून पाहिलं, तर हवा तिथेच कमी होती.

चाकं बदलली होती का, असं त्यांनी विचारलं. हो, नागपूरला सर्व्हिसिंगमध्ये पुढची मागे केली, तिरपी, असं मॅडम म्हणाल्या.

"मंग चाकासंगं सेन्सरबी मांगं गेला," भाऊ म्हणाले. "पण गाडीले कोणी सांगितलंच नाही. तिले तो अजून समोरच वाटते."

मॅडमनी वाकून मागचं चाक पाहिलं. स्क्रीनवर विसंबून पुढच्या चाकात हवा भरली असती, तर मागचं रायपूरच्या वाटेवर भर वेगात बसलं असतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. भाऊंनी मागचं चाक खोललं. सेन्सरचं नोझल मुळाशी चिरलं होतं. नवा सेन्सर बसवून त्याचा नंबर यंत्राने गाडीला दिला, मग एकेका चाकाशी यंत्र नेऊन कोणतं चाक कुठे आहे तेही गाडीला नव्याने शिकवलं. दिवा विझला.

"नागपूरले कोणाच्याच ध्यानात कसं आलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"तिथं यंत्र मोठं असन," भाऊ हात पुसत म्हणाले. "चाकाले हात कोणी लावला नसन."

माझ्या वर्गाला हे येऊन शिकवाल का, असं मॅडमनी तिथेच विचारलं.  चौथीनंतर भाऊंनी वर्ग पाहिला नव्हता. पण नाही म्हणवेना. शेवटी म्हणाले, पोरांनाच इथे घेऊन या.

पुढच्या सोमवारी बावीस पोरंपोरी दुकानासमोर वह्या उघडून उभी होती आणि चिंधूभाऊ बोलत होते, आधी अडखळत, मग हायवेच्या ट्रकांवर आवाज चढवून. सगळ्यांत मागे रीता मॅडम उभ्या होत्या. त्याही लिहून घेत होत्या.