आत्यांचं जागतिक मंडळ

जगातल्या एकूण एक बाईची काळजी वाहणारी व्यक्ती पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि ती आमच्या डोक्यावर राहते. यात अलंकार काही नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आत्या चौथ्या. तळवड्यात ज्या जागेवर आमची सोसायटी उभी आहे ती पूर्वी त्यांच्या सासरची ज्वारीची पट्टी होती. "तुमची लिफ्ट हाय ना, तितं आमची म्हस बांधायची," असं त्या प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला पहिल्याच दिवशी सांगतात, आणि लिफ्ट बंद पडली की आमच्याकडे आजही 'म्हैस बसली' असंच म्हणतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती लेक नाशिकला. त्या नक्की कोणाच्या आत्या, हे कोणालाच ठाऊक नाही, पण सोसायटीतल्या सगळ्यांच्या त्या आत्या आहेत. दूधवाल्याच्याही, आणि सेक्रेटरींच्याही, जे त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत.

या सगळ्याचं मूळ एका महिला दिनात आहे. एका स्थानिक पुढाऱ्याने आमच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम ठेवला होता. संगीत खुर्ची झाली, उखाणे झाले, आणि मग एक पाहुण्या बाई भाषणाला उभ्या राहिल्या. "जगभरातल्या अनेक देशांत आज स्त्रियांचे मानवी हक्क धोक्यात आहेत," असं म्हणून त्या पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तेवढ्यात आत्या पहिल्या रांगेतून उठल्या. "कंच्या कंच्या देशात? नावं सांगा." बाई म्हणाल्या, "अनेक आहेत आजी." "अनेक म्हंजी किती? कुनी आजारी हाय म्हनलं तर घर नको का कळाया?" बाईंनी घड्याळ पाहिलं आणि भाषण आटोपतं घेतलं. आत्यांनी मात्र ते आटोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मला धरून निगडीला गेल्या आणि शाळेत भिंतीवर टांगतात तसा, वर-खाली लाकडी दांडी असलेला जगाचा नकाशा घेऊन आल्या. तो क्लबहाऊसमध्ये, जाळी नसलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलामागे टांगला गेला आणि दर शनिवारी दुपारी चार वाजता जगाचा कारभार सुरू झाला.

आत्यांचा भूगोल तळवड्यातून निघतो. "अफगानिस्तान म्हंजी हितनं देहूरोडला निघालं की सरळ वर, दिल्लीच्या फुडं, डाव्या हाताला," हे त्या रिक्षावाल्याने भाडं सांगावं इतक्या खात्रीने सांगतात. मंडळात आम्ही अकराजणी. आत्यांनी प्रत्येकीला एकेक देश वाटून दिला. तिथल्या बायकांचं काय चाललंय याची आठवडाभर चौकशी करायची आणि शनिवारी उभं राहून सांगायचं. थोड्याच दिवसांत आमची मूळ नावं मागे पडली. वॉचमन इंटरकॉमवर सांगू लागला, "मॅडम, इराण खाली थांबल्यात, चप्पल सापडंना त्यांची." देहूरोडला सरकारी नोकरी करून निवृत्त झालेल्या गायकवाड मॅडम, ज्यांच्या घरात बुद्धमूर्तीच्या शेजारी संविधानाची जाडजूड प्रत असते आणि जी मॅडम रोज उघडतातही, त्यांना सुदान मिळाला. मला आइसलँड मिळाला आणि माझी पंचाईत झाली. त्या देशात बायकांचं सगळं बऱ्यापैकी बरं चाललेलं. पहिल्या शनिवारी मी तसं सांगितलं तर आत्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आई अभ्यास न करता आलेल्या पोराकडे पाहते. "नीट बघ. येवढं बरं कुटं नस्तं." दुसऱ्या शनिवारीही बरंच निघालं. तिसऱ्या शनिवारी मी घाबरून म्हटलं, "आत्या, तिथे थंडी फार असते." आत्या म्हणाल्या, "थंडी काय बायांनाच वाजती का?"

चर्चा झाली की ठराव व्हायचा आणि ठराव झाला की तो त्या त्या देशाला पाठवायचा, हा आत्यांचा शिरस्ता. पहिल्या ठरावाला सोसायटीचा शिक्का हवा म्हणून त्या सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "अहो आत्या, आपल्या लेटरहेडवर आपण फक्त पाणी आणि पार्किंग एवढंच लिहितो." "मंग पानी कोन भरतं?" आत्यांनी विचारलं. शिक्का मिळाला. पत्र गेलं आणि काही महिन्यांनी 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आलं. आम्हाला वाईट वाटलं, आत्यांना नाही. त्यांनी पाकीट उलटसुलट करून त्यावरचे नाना रंगांचे शिक्के पाहिले आणि म्हणाल्या, "म्हंजी त्यांच्या दारापत्तूर गेलंच की."

परक्या मुलखातली बाई प्रत्यक्ष दिसली तर मग विचारायलाच नको. शेजारच्या इमारतीत एक कोरियन बाई राहायच्या, त्यांचे यजमान चाकणला कुठल्याशा कंपनीत मोठे साहेब. त्या एकदा भाजीच्या गाडीपाशी कोथिंबिरीचा वास घेत उभ्या होत्या. आत्यांनी त्यांचा हात धरला आणि क्लबहाऊसमध्ये आणून बसवलं. माझ्या मोबाइलवर बोललेलं भाषांतर करून ऐकवायची सोय होती, ती मधे ठेवली. आत्यांचा जगातल्या कुठल्याही बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडं सासू कशी आस्ती?" बाई आधी लाजल्या, मग भरभरून पाचेक मिनिटं बोलल्या, डोळेही पुसले. मोबाइलने त्या सगळ्याचं भाषांतर केलं, "सासू हवामानासारखी आहे." आत्या गहिवरल्या. "माजी बी तशीच होती गं बाई," म्हणून त्यांनी तिला कुंकू लावलं. पुढे तिच्या यजमानांची बदली होईपर्यंत ती दर शनिवारी येऊन बसायची. तिला आमचं काय कळायचं देव जाणे, पण ठरावाला हात सगळ्यांत आधी तिचा वर व्हायचा.

आणि अफगाणिस्तान तर त्यांनी स्वतःच्या अंगाला लावून घेतला. तिथे मोठ्या मुलींच्या शाळा बंद केल्याचं ज्या शनिवारी कळलं त्या दिवशी आत्यांनी साखर सोडली. चहा बिनसाखरेचा, गणपतीत मोदकाला हात नाही, आमरसाच्या दिवसांत नुसती पोळी-भाजी. "पोरी साळंत जाईस्तोवर न्हाई," एवढंच बोलणं. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर वर्षानुवर्षं न हलणारी त्यांची शुगर खाली आलेली. डॉक्टर चकित. "आजी, काय केलंत काय?" आत्या म्हणाल्या, "अफगानिस्तान." डॉक्टरांनी ते औषधाचं नाव समजून स्पेलिंग विचारलं, असं आत्यांसोबत गेलेल्या इराण सांगतात. मी त्यावर अर्धाच विश्वास ठेवते.

असं सगळं जग सुखाने दुःखी चाललेलं असताना एका शनिवारी सुनंदाताई उभ्या राहिल्या. या मूळच्या परभणीकडच्या, चाकणला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये शिफ्टने पोळ्या लाटतात. मंडळात नवीन होत्या आणि त्यांना अजून देश मिळायचा होता. त्या म्हणाल्या, "आत्या, एक विचारू का? आपला देश कुणाकडं हाय?"

आम्ही नकाशाकडे पाहिलं. काँगोपासून पेरूपर्यंत सगळीकडे आमच्या टिकल्या लावलेल्या होत्या. भारतावर एकही नव्हती. आत्यांनी नकाशाजवळ जाऊन भारतावरून बोट फिरवलं. मग त्या म्हणाल्या, "त्यो माज्याकडं. फुडच्या शनिवारी सांगते."

त्याच आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ येऊन गेला. आत्यांचं माहेर तळेगावच्या अलीकडचं. हा भाऊ म्हणजे अगदी लोभस माणूस. दर दिवाळीत बहिणीसाठी इंद्रायणी तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन चार जिने चढायचा, कारण आमची म्हैस नेमकी दिवाळीत बसते. आत्यांनी त्याला लहानपणी कडेवर वाढवलेला. तोही 'आक्का, आक्का' करत त्यांच्या पायाशी बसायचा. या खेपेला तो एक कागद घेऊन आला होता. वडिलांच्या जमिनीचा शेवटचा तुकडा रस्त्याला लागून आहे, तिथे गोदाम होणार, तर बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, म्हणजे त्या जमिनीत माझा काही हक्क नाही असं लिहून द्यायचं. "आक्का, येक सही हाय फकस्त," एवढं म्हणून, चहा पिऊन, कचेरीत यायची तारीख सांगून तो गेला.

शनिवारी आत्या नेहमीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. "भारत," त्या म्हणाल्या. "बाई येक. वय अडुसष्ट. बापाच्या जिमिनीत खुरपून मोठी झाली. ल्हानपनी भाऊ काखंत आन् खुरपं हातात. पयल्या तुकड्याला सही दिली तवा लुगडं मिळालं. आता दुसरा तुकडा हाय." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

गायकवाड मॅडमनी चष्मा पुसला आणि कायदा सांगितला. मुलीचा वाटा मुलाइतकाच, कोणी उपकार म्हणून द्यायचा नाही. इराण म्हणाल्या, "मॅडम, कायदा बरोबर आहे हो, पण भाऊ तुटतो. माझा तुटला असता म्हणून मी सही दिली." पेरू म्हणाल्या, "मीपण." मग आत्यांनी ठरावाच्या वेळी विचारतात तशाच आवाजात विचारलं, "कुनी कुनी दिली सही? हात वर करा." एकेक हात वर जाऊ लागला. सात झाले. सातवा माझा होता. तीन वर्षांपूर्वी साताऱ्याला माहेरी गेले असताना दादाने जेवणानंतर कागद पुढे केला होता, "फॉर्मॅलिटी आहे गं," म्हणाला होता. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा मी पगार घेते, पण तो कागद मी वाचलासुद्धा नव्हता. आणि इतके दिवस मी आइसलँड बघत होते.

कचेरीच्या दिवशी आत्या म्हणाल्या, "मला येकटीला जाऊ द्या, तमाशा नको." आम्ही तीन रिक्षा करून सगळ्याजणी गेलो. भाऊ नवा सदरा घालून आला होता, हातात साडीचा खोका. आम्हाला पाहून बिचकला, पण हसला. "समदं मंडळच आणलंस का आक्का?" आत आमचा नंबर लागला. कारकुनाने मान वर न करता नेहमीचं वाक्य म्हटलं, "आजी, राजीखुशीने सही देताय ना?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या.

कारकुनाने मान वर केली. त्याला बहुधा ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "आजी, म्हणजे कोणाची जबरदस्ती नाही ना?"

"जबरदस्ती न्हाई. राजीखुशी बी न्हाई."

"अहो, इथे होय म्हणायचं असतं," तो बिचारा कळकळीने म्हणाला.

मागून सुनंदाताई हसल्या आणि मग त्यांनीच तोंडावर पदर धरला. भाऊ मात्र हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. लहान मुलाचं जत्रेत हात सुटल्यावर होतं तसं त्याचं तोंड झालं होतं. हळूच म्हणाला, "आक्का, घरी सांगायचं हुतंस."

"घरी तू इचारलंच न्हाईस रं," आत्या म्हणाल्या. "ह्यांनी इचारलं."

सही झाली नाही. गोदामही झालं नाही. सातबाऱ्यावर आत्यांचं नाव तसंच राहिलं. गायकवाड मॅडमनी त्याचा उतारा काढून आणला तेव्हा आत्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून स्वतःचं नाव वाचलं, बापाच्या नावासकट. कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "नाव ऱ्हायलं. माहेर गेलं." यावर ठराव करता येत नव्हता.

त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला नाही. आत्यांनी दुपारपर्यंत ताट मांडून ठेवलं होतं, मग उचललं. मी साताऱ्याला गेले होते. दादाशी बोलायचं ठरवून गेले होते आणि ओवाळून, जेवून, काहीही न बोलता परत आले. परतल्यावर आत्यांनी विचारलं, "काय म्हनला दादा?" मी म्हटलं, "बरा आहे." त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांचं ते न विचारणं अजून मला टोचतं.

मग गेल्या वर्षीची भाऊबीज. मी मुद्दामच साताऱ्याला गेले नव्हते. दादाशी त्या कागदाबद्दल फोनवर कसंबसं निम्मं बोलून झालं होतं आणि त्याने 'बघू' म्हणून फोन ठेवला होता. दुपारी मी वर आत्यांकडे बसले होते, तेवढ्यात दार वाजलं. भावजय होती, करंज्यांचा डबा घेऊन, धापा टाकत. "वन्सं, मी आले," ती म्हणाली आणि आत्यांच्या गळ्यातच पडली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्ये खाली हायत. वर येत न्हाईत म्हनले. मला निस्तं सोडाया आलेत."

आत्या गॅलरीत गेल्या. मीही मागोमाग गेले. खाली फाटकाशी तो मोटारसायकलवर बसला होता, हेल्मेट घातलेलं, गाडी चालूच ठेवलेली, तोंड रस्त्याकडे. आत्यांनी हाक मारली नाही. त्या आत गेल्या, निरांजन लावलं, ताट घेऊन आल्या. मी म्हटलं, "आत्या, चौथ्या मजल्यावरून?"

"डोकं झाकल्यालं हाय," त्या म्हणाल्या. "चालतंय."

कठड्याच्या बाहेर ताट धरून त्या ओवाळू लागल्या. वारा होता, ज्योत दोनदा विझता विझता राहिली, भावजयीने पदराचा आडोसा केला. त्याने वर केव्हा पाहिलं ते मला कळलं नाही. त्याने हात हलवला नाही, हेल्मेटची काच वर केली नाही. पण आत्यांचं ओवाळून होईपर्यंत तो मान वर करून तसाच बसून राहिला, आणि मधेच कधीतरी त्याने गाडी बंद केली.