लेकीच्या गाडीचं ग्रीस

राजुरीला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या. त्या खोलायच्या, तांब्याची तार नव्याने भरायची, बेअरिंग बदलायचं आणि मोटर परत विहिरीवर धाडायची. माणसांपेक्षा मोटरींशी माझं जास्त जमायचं. घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. लेक दहावीत असताना बायको वारली आणि घर मुकं झालं. आम्ही बापलेक समोरासमोर जेवायला बसायचो. ‘वाढू का?’ ‘नको.’ एवढ्यात जेवण उरकायचं.

पुढे लेक पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. दोन हजार तीन-चारचं साल असेल. दर रविवारी सकाळी दहाला ती हॉस्टेलच्या कॉइन बॉक्सवरून दुकानात फोन करायची. मी नऊपासूनच फोनजवळच्या स्टुलावर बसलेला असायचो, आणि फोन आला की मला काही म्हणजे काही सुचायचं नाही. जेवलीस का? जेवले. अभ्यास? चाललाय. मग तारेतून नुसती खरखर ऐकू यायची. फोन ठेवला की स्वतःचाच राग यायचा. लेकीशी बोलायला बापाला विषय सापडू नये, याची लाज वाटायची.

त्या दिवाळीला ती खोकं घेऊन आली. आत रिमोटवर पळणारी गाडी होती, हातभर लांबीची. कॉलेजात मुलामुलींनी मिळून जुळवलेली, आणि जानेवारीत तिची शर्यत होती. चाकांमध्ये साधे पितळी बुश होते. ती म्हणाली, “अण्णा, याला बेअरिंग टाकायचंय. तुमी बघता का?”

तिने माझ्याकडे काही मागितलं, असं कितीतरी दिवसांनी झालं होतं. मी लगेच जुन्नरला गेलो. तिथले बेअरिंगवाले चाचा माझे जुने ओळखीचे. मी माप सांगितलं तसे ते हसायला लागले. “पावणं, पाच मिलिमीटरचं बेअरिंग? मुंगीच्या विहिरीवरची मोटर हाय का?” पण त्यांनी पुण्याहून मागवून दिलं. एक पत्र्याच्या झाकणाचं, दुसरं रबरी झाकणाचं, असे दोन प्रकार त्यांनी समोर ठेवले. पत्र्याचं हलकं फिरतं, रबरी थोडं जड. शर्यत कुठे आहे ते मी आधीच विचारून ठेवलं होतं. मुरुमाचं मैदान. म्हणजे धूळ. चार चाकांना दोन-दोन, अशी आठही बेअरिंगं मी रबरी घेतली. ती निवड बरोबर होती, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

चूक पुढे झाली. आमच्याकडे मोटरचं बेअरिंग भरायची एक पद्धत आहे. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि अंगठ्याने दाबत राहायचं, ते पलीकडून बाहेर येईपर्यंत. ग्रीसला हात आखडला की शेतकरी म्हणणार, “राव, कंजूषपणा केला, म्हणून मोटर जळाली.” मी टाचणीने त्या इवल्या बेअरिंगांची रबरी झाकणं उचलली आणि आठही बेअरिंगं पिवळ्या ग्रीसने गच्च भरली.

लेक शेजारी उभी होती. “अण्णा, एवढं...” ती म्हणाली.

“तुला कळतंय का मला? तीस वर्षं हेच करतोय मी.”

सुट्टी संपली तशी ती गाडी घेऊन पुण्याला गेली.

आणि मग नवल झालं. रविवारचा फोन लांबायला लागला. “अण्णा, चाक फिरवल्यावर खरखर येते, काय समजायचं?” “धूळ गेली असंल, नायतर आतला छर्रा झिजला.” “अण्णा, चाक हलतंय.” “बेअरिंगची जागा सैल झाली असंल.” मी उंटावरचा शहाणा, न बघता फोनवरून सल्ले देत सुटलो. पंधरा पंधरा मिनिटं बोलायचो. शर्यतीत त्यांचा दुसरा नंबर आला. पुढचा महिनाभर दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होतो, की ग्रीस माझं होतं.

शिक्षण झालं, तिला बंगळूरला नोकरी लागली. गाडीचं खोकं ती घरी ठेवून गेली. हातात मोबाइल आले आणि बोलणं पुन्हा आटलं. जेवलात का? जेवलो. गोळ्या घेता ना? घेतो. रविवार फार लांब वाटायचा.

एका वर्षी खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून माळा झाडायला काढला आणि ते खोकं हाती लागलं. सहज एका बेअरिंगचं झाकण उचललं. आत ग्रीसचा कण नव्हता. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. आठही लख्ख. तळाशी तिची वही होती. दिवाळीची सुट्टी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने लिहिलं होतं: ‘ग्रीसमुळे चाकं जाम. आठही बेअरिंगं पेट्रोलने धुतली. एकेक थेंब पातळ तेल. गाडी छान पळते. अण्णांना सांगायचं नाही.’

अति तिथे माती, हे मी जगाला सांगत आलो होतो. चूक कळली तेव्हा कान गरम झाले. पण खरं लागलं ते पुढच्या पानावर. वर लिहिलं होतं, ‘रविवारी अण्णांना विचारायचे’, आणि खाली एकाखाली एक प्रश्न. खरखर का येते? चाक का हलतं? प्रत्येकापुढे टिक. त्या सगळ्यांची उत्तरं तिनेच आधीच्या पानांवर लिहून ठेवलेली होती, माझ्यापेक्षा चांगली. माझी पोर आठवडाभर बसून बापासाठी विषय शोधत होती. मी त्या हत्यारांच्या पसाऱ्यात बसून रडलो.

रविवारी दहाला मी आपण होऊन फोन लावला. वही मांडीवर होती.

“अगं, तुझी गाडी काढलीय. बेअरिंगला काय सोडू?”

“शिलाई मशीनचं तेल आहे का घरात? एकच थेंब, अण्णा.”

“एकच? बरं. आन् खरखर आली तर काय समजायचं?”

ती सांगायला लागली. मोकळेपणाने, भरभरून, अगदी तिच्या आईसारखी. मी एकेक प्रश्न विचारत गेलो आणि तिच्या टिकेशेजारी माझी टिक करत गेलो. चौथ्या प्रश्नाला ती अडखळली.

“अण्णा, तुमाला माझी वही सापडली का?”

“कसली वही?” मी म्हणालो, आणि पाचवा प्रश्न विचारला.