ओटीपी बायकोच्या मोबाईलवर

नागापूरच्या कारखान्यात मी तीस वर्षं लेथ चालवला. त्यात बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या. रेशन दुकानातलं यंत्रसुद्धा मला ओळखत नाही, मग लेकीने घेऊन दिलेला टॅब कुठून ओळखणार? तरी मी हौसेने त्यात पासवर्ड मॅनेजर टाकला. सगळे पासवर्ड एका कुलपात, आपण फक्त किल्ली सांभाळायची, हे मी अख्ख्या गल्लीला समजावून सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते कुलूप दर दोन मिनिटांनी आपोआप लागायचं. उघडायला बोट मागायचं. बोट पटायचं नाही, मग लांबलचक मास्टर पासवर्ड मागायचं. तो बरोबर टाकला तरी संशय फिटायचा नाही, म्हणून ओटीपी पाठवायचं, तोही बायकोच्या मोबाईलवर. घरात सगळीकडे तिचाच नंबर दिलेला, कारण माझा मी तीनदा बदलला.

त्या दिवशी लेकीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. आमच्या दोन्ही घरांत इतकं कुणी शिकलेलं नाही. परीक्षा अकराला, ऑनलाईन, आणि घरच्यांना बघायची परवानगी होती. मी सकाळी सातपासून टॅब पुसत बसलो होतो. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून बायको पाथर्डीला माहेरी निघाली. निघताना दारातून काहीतरी बोलली. मी टॅबमधून मान वर न काढता हो हो म्हटलं.

पावणेअकराला मीटिंगचं ॲप उघडलं. त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड कुलपात. अंगठा लावला, धुऊन लावला, खोबरेल चोळून लावला. मग मास्टर पासवर्ड टाकला आणि ओटीपी पाथर्डीला गेला. माझा मोबाईल दुरुस्तीला होता, म्हणून वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूचा मागून आणला आणि बायकोला फोन लावला.

आता कबूल करायलाच हवं. महिन्यापूर्वी मीच तिला समोर बसवून तासभर शिकवलं होतं. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. अनोळखी नंबरवरून माझा आवाज आला तरी नाही, हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. अगदीच वाटलं तर घरच्याच माणसाला माहीत असेल असं काहीतरी विचारायचं. तिने तेव्हा नुसती मान हलवली होती.

"नंबर वळखीचा न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच असाल तर सांगा, सकाळी निघताना मी तुमाला काय सांगितलं?"

मला काही केल्या आठवेना. दूध तापवायला सांगितलं, असं ठोकून दिलं. चूक. टाकीचं बटण? तेही चूक. तिसऱ्या चुकीला तिने फोन ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही. मी ओटीपी मागवत राहिलो. शेवटी फार प्रयत्न झाले म्हणून टॅबने खातं तासभर बंद केलं. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मोबाईल न्यायला आलेला भाडेकरू दारात उभा होता. मला रडू येत होतं आणि मी त्याला सांगत होतो की सुरक्षेसाठी एवढं करावंच लागतं.

संध्याकाळच्या एसटीने बायको आली. लेक डॉक्टर झाल्याचं सांगत तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. माहेरच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी तिच्या मोबाईलवर परीक्षा बघितली होती, आजारी सासूबाईंनीसुद्धा. शेवटी सरांनी घरचं कोण आलंय विचारलं, तेव्हा पोरगी पडद्यावर बाबांना शोधत होती म्हणे. शिवाय मध्येच एक चोर माझा आवाज काढून ओटीपी मागत होता, त्याला तिने बरोबर पकडला होता. मी म्हटलं, चांगलं केलंस. पेढा हातात तसाच होता.

मग मी विचारलं, सकाळी तू सांगितलं काय होतंस?

"पासवर्ड-बिसवर्ड काई लागत न्हाई म्हनलं. पोरीनं टॅबवर लिंक धाडलीय, तिच्यावर नुसतं बोट लावा. कुनाचंबी चालतं."