माध्यम : आईचा पाटा

अगं, इकडे सरक. अशी जवळ बस, आणि हे पत्र वाचून होईस्तोवर तो फोन ठेव बाजूला. पाठची बहीण म्हणून तुझं सगळं ऐकून घेते मी, पण दिवाळीपासून रुसून बसायचं म्हणजे किती? साठी उलटली की तुझी!

हो, आईच्या पाट्याला मी छिन्नी लावली. तुला विचारायला हवं होतं, नाही विचारलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच नाही विचारलं. मिक्सर आल्यापासून तो इथे घमापूरच्या घरी मागच्या नळाखाली पडून होता. लोक त्यावर पाय ठेवून धुवायचे. ते चालत होतं तुला?

दिवाळीत तू आलीस, अर्धवट काम पाहिलंस, "आईला फोडलं तू!" म्हणालीस, आणि वरवंटा पिशवीत कोंबून सरळ नागपूरची गाडी धरलीस. स्टेशनवर कुलीभैयाने पिशवी उचलली आणि म्हणाला, "दीदी, इसमें लोहा भरा है क्या?" तरी हसली नाहीस.

फोडलं नाही गं. मधला खळगा, आईच्या हाताने झिजलेला, तसाच ठेवलाय. त्याला छिन्नी शिवलीसुद्धा नाही. पाटा उभा केला, वरच्या अंगाला खांदे काढले, थोडं झुकलेलं डोकं काढलं. खळग्याची आपोआप ओटी झाली. बसलेली बाई आहे ती.

आता आमच्या मूर्तिकार मंडळाचं प्रदर्शन लागलंय, ओमतीकडच्या वाचनालयात. आठ-दहा जण आहोत, बहुतेक फॅक्टरीतून नाही तर रेल्वेतून रिटायर झालेले. प्रत्येक कामाखाली चिठ्ठी लावायची, माध्यम काय ते लिहून. कोणी संगमरवर लिहिलं, कोणी काळा दगड. मी लिहिलं, आईचा पाटा. आमचे अध्यक्ष चष्मा सावरत म्हणाले, "ताई, दगडाचं नाव लिहायचं असतं इथं."

"दगडाचं नाव मला काहून माहीत असणार? यावर चटणी वाटायची आमची आई, एवढं माहीत आहे."

गेले बिचारे पुढे.

काल एक बाई पुस्तक परत करायला आली. चिठ्ठी वाचली आणि सरळ खळग्यात नाक घातलं. "दीदी, लहसुन की बास है इसमें, अभी भी!" मग काय विचारतेस! बायकांची रांगच लागली नाक लावायला. वाचनालयाच्या मॅडमही येऊन हुंगून गेल्या. मीही वाकले. खरं सांगू? मला काहीच वास आला नाही. तरी हो हो म्हटलं.

तुला आला असता. आई वाटायची तेव्हा पाट्यावरून चटणीचं पहिलं बोट तुझंच असायचं, माझं नाही.

रविवारी प्रदर्शन उठतंय. मॅडम म्हणून राहिल्या, ही बाई इथेच राहू द्या, कायमची. मी म्हटलं, अर्धी मालकीण नागपूरला आहे, तिला विचारल्याशिवाय नाही. या वेळी विचारून राहिली ना मी? तू नाही म्हटलंस तर उचलून घरी आणीन. नळाखाली नाही, स्वयंपाकघरात ठेवीन.

पण नाही म्हणायचं असलं तरी येऊन म्हण. आधी वास घे, मग म्हण. वरवंटा आणायचा तर आण, नाही तर राहू दे, नुसती ये. शनिवारीच निघ. लसणाची चटणी मी मिक्सरमध्येच करणार आहे, नावं ठेवायला तरी ये.