आगबोटीवरची ढिली तार

परवा रत्नागिरीच्या अलीकडे, पावसात, आमच्या बोटीवरचं बिनतारी यंत्र तिसऱ्यांदा मुकं झालं... शेलूबाजारच्या गड्यांनो, हे पत्र दुकानावर जरा मोठ्यानं वाचा. आमचा बा मागं बसला असन, तर त्यालेही ऐकू जाऊ द्या.

बोट म्हणजे मुंबईच्या एका शेटची सैरीची आगबोट, आणि मी तिच्यावरचा रंगवाला खलाशी. जऊळक्याच्या स्टेशनात गाडीत बसलो तेव्हापासून गिरणी सोडली, गोदी सोडली, कुठं म्हणून टिकलो नाही... इथं टिकलो तो दामूमास्तरांमुळे. यंत्र चालवणारे हे कोकणातले म्हातारे मला रोज त्या यंत्राची कट्ट-कडकट्ट भाषा शिकवतात, आणि माझी तिसरीतच सुटलेली शाळा कधी काढत नाहीत.

दोन डोलकाठ्यांच्या मध्ये उंचावर तांब्याची तार असते, तिला एरियल म्हणतात. तिची एक फांदी खाली येते आणि मास्तरांच्या खोलीच्या भिंतीतल्या भोकातून यंत्राला मिळते. तिथल्या सांध्यात खारं पाणी शिरलं, की तांब्यावर हिरवं कीट चढतं आणि मुंबईचा आवाज बंद.

मास्तरांनी सांधा दोनदा साफ केला होता. तिसऱ्यांदा यंत्र बसलं तसे शेट तापले... "मुंबई लागली की या माणसाला खाली उतरवा." मास्तर नुसता चष्मा पुसत राहिले.

मी बाहेर भिजत उभा होतो. सहज वर बघितलं... तारेवरून थेंबामागं थेंब, पाटातल्या पाण्यासारखे, सरळ भोकात! वांग्याच्या वाफ्यांना पाणी देण्यात माझं लहानपण गेलं, पाणी कुठं निघालंय हे मला कोणी सांगावं लागत नाही.

आणि मग एकदम आठवलं. मुंबईहून निघताना त्या खोलीला रंग मीच दिला होता, तेव्हा ही तार भोकाजवळ लोंबत होती. आमच्या विहिरीवर मोटेचा नाडा जरा सैल दिसला की बा ओरडायचा, "दोर ढिला काहून सोडला बे?" हात त्याच सवयीचा... मी तार ओढली, वरच्या चिनी मातीच्या खुंटीला तंग बांधली, आणि वर खूशही झालो होतो!

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. तसाच ओलाचिंब शेटपुढं गेलो. "मालक, तार मीच ताणली. मास्तरचा काई कसूर नाई."

"वऱ्हाड्या, बोटीवर वांगी लावायला आलास काय रे?" ओरडले मास्तरच. मग भोकाशी जाऊन वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ते लोंबणं मी मुद्दाम ठेवलेलं! सांधा बघता बघता तारेकडे बघायचंच राहिलं..."

शेट म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मुंबई बोलली तर ठीक. नाहीतर दोघंही उतरा."

मी डोलकाठीवर चढलो. तारेच्या टोकांना चिनी मातीचे गट्टू असतात, त्यांच्यावर मिठाचा थर बसला होता, तो प्यायच्या पाण्यानं धुतला. खाली मास्तरांनी हिरवी पडलेली तार कापून नवा सांधा केला आणि वर मेण ओतलं. मग मी तार भोकाच्या खाली हातभर लोंबू दिली, शेटच्या पोटासारखी गोल, आणि खालून वर भोकात नेली.

"आता ओत," मास्तर म्हणाले. वरून बादली रिकामी केली... पाणी तारेवरून पळत आलं, त्या पोटाशी थबकलं आणि टपटप खाली डेकवर. आत एक थेंब नाही!

दिवेलागणीच्या आत मास्तरांनी आपल्या कानांवरचं ऐकायचं यंत्र काढून माझ्या कानांवर ठेवलं. कट्ट... कडकट्ट... मुंबई! शेट दारातून बघून गेले, आणि मागोमाग दोन कप चहा आला. मास्तर एवढंच म्हणाले, "उद्यापासून तार तुझ्याकडे."

बा, ऐकून राह्यला ना? तुह्या पोरानं परवा दोर जाणूनबुजून ढिला सोडला... अन् तारेकडे पाह्यलं का अजूनही छाती फुगते.