शिंकेची पेरणी

तपकिरीचा वास आला की मला पिटुनियाची फुलं आठवतात, आणि दोष सगळा माझाच आहे. एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल, मी राहुरीत नोकरीला होतो. खिडकीतल्या लाकडी खोक्यांत पांढरा आणि जांभळा पिटुनिया लावला, बारीक कुंचल्याने एकाचे पराग दुसऱ्याला लावले आणि त्यातून आलेलं धुळीसारखं बी जपून ठेवलं, तेही तपकिरीच्या रिकाम्या डबीत! दसऱ्याला अर्धं बी एका खोक्यात भुईमुगासारखं बोटभर खोल पुरलं आणि डबी उघडीच ठेवून हात धुवायला गेलो. तेवढ्यात सासरे आले, डबी उचलून त्यांनी चिमूट ओढली आणि असे शिंकले, की उरलेलं सगळं बी शेजारच्या ओल्या खोक्यात उडालं. "जावईबापू, लई जोरदार हाय तपकीर! कुठनं आणली?" वर्षभराची मेहनत गेली म्हणून मी रडायचाच बाकी होतो. पण मी पुरलेलं काहीच उगवलं नाही; एवढं बारीक बी मातीवर उजेडातच पडावं लागतं, हे मला कुठं ठाऊक होतं! शिंकेच्या खोक्याला मात्र संक्रांतीच्या सुमारास असा फिकट जांभळा बहर आला, की सायकलवाले उतरून बघायचे. "पेरलं म्या!" असं सासरे गावभर सांगत सुटले. अजूनही मी ते बी पुरत नाही, तळहातावर घेऊन फुंकतो. पेरणीचं श्रेय खुशाल त्यांना. तो रंग मात्र मी जुळवला होता.